भीतीची पट्टी

"दोन बोटं, आणि वर नखभर," असं म्हणत हार्टमूट गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि जोडलेली दोन बोटं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

शनिवारच्या कॉफीच्या टेबलाभोवतीचे पाचही जण हसले. एगबर्टही हसला. त्याची एकवीस वर्षांची जुनी गाडी दुकानाच्या दारातच उभी होती, हार्टमूटची बोटं तिच्याच मागच्या टायरला लावून झाली होती, आणि एगबर्ट स्वतः आत दुकानाच्या मधोमध नव्याकोऱ्या लाल गाडीवर बसला होता. त्याचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. बाजूला दुसरी, करडी गाडी होती. त्या दोन गाड्यांमध्ये तो तीन शनिवार येरझाऱ्या घालत होता.

मी वर्कशॉपच्या दारात उभी होते. मला हसू आलं नाही. पण ब्राकच्या मोटरसायकलींच्या दुकानात मी एकोणीस वर्षं टायर चढवतेय, आणि त्यातली निदान दहा वर्षं तरी या असल्या चेष्टेला मीही हसले आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाटायचं, रोस्विता म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखी.

पट्टीचं काय ते सांगते. वळणावर गाडी जितकी कलंडवाल तितकी टायरची कड रस्त्याला घासते. जो कमी कलंडवतो त्याच्या टायरच्या दोन्ही कडांना नवा, काळाभोर, न घासलेला पट्टा राहतो. त्याला आमच्याकडे 'भीतीची पट्टी' म्हणतात. आमचा सगळा भाग डोंगराचा, रस्ते सगळे वळणांचे, त्यामुळे इथले पुरुष एकमेकांचा चेहरा बघायच्या आधी एकमेकांचा टायर बघतात. पन्नाशी-साठीतले, नातवंडं असलेले बाप्ये, वाकून वाकून एकमेकांच्या गाड्यांची ढुंगणं न्याहाळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. एकोणिसाव्या वर्षी शिसारी येते.

दर एप्रिलमध्ये दुकानाच्या अंगणात हंगामाचा पहिला शनिवार साजरा होतो. भाजलेले सॉसेज, बटाट्याची कोशिंबीर, बिअर, आणि अकरा वाजता मोजणी. आमचा मालक योखेन ब्राक खडू आणि फूटपट्टी घेऊन सगळ्यांचे मागचे टायर मोजतो. ज्याची पट्टी सगळ्यात रुंद, त्याला कापडाचा ससा. आमच्याकडे भित्र्याला ससाच म्हणतात. एगबर्टला सलग सात वर्षं ससा मिळाला होता. तो दर वेळी ससा घ्यायचा, मान लववायचा, आणि हँडलला बांधून घरी न्यायचा. लोकांना वाटायचं, किती खेळकर माणूस आहे.

एगबर्ट टिगेस हा रस्त्याचा माणूस. म्हणजे रस्ते राखणाऱ्या सरकारी खात्यात अडतीस वर्षं नोकरी. नारिंगी कपडे, नारिंगी गाडी. कडेचं गवत कापायचं, खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात मीठ टाकायचं, कठडे वाकले की बदलायचे. आणि ते वाकायचे कशाने, तर बहुतेक वेळा या टेबलावरच्यांसारख्या शूरवीरांनी. अपघात झाला की अँब्युलन्स माणसाला घेऊन जाते, ट्रेलर गाडीला घेऊन जातो, आणि मागे जे उरतं ते एगबर्ट गोळा करतो. सांडलेल्या तेलावर भुकटी टाकायची, ती झाडायची, पुन्हा टाकायची. एकदा मी आमच्या घाटाच्या रस्त्याने येत होते तेव्हा तो कडेला उभा होता आणि एक हातमोजा झटकून पिशवीत ठेवत होता. एकच हातमोजा. मी हात केला, त्याने हात केला. शनिवारी टेबलावर त्याच अपघाताची चर्चा रंगली होती, कोण किती वेगात होता, कुठला गिअर होता. एगबर्ट कॉफीत साखर ढवळत बसला होता.

मी त्याला पुढे कधीतरी विचारलं होतं की तुम्ही गाडी इतकी सरळ का चालवता. तो म्हणाला, "तिथे काय काय सांडलेलं असतं ते मला माहीत आहे ना, बाई."

आम्ही दोघं एकमेकांना 'अहो-जाहो' करायचो. गाडीवाल्यांत सगळे पहिल्या भेटीपासून 'अरे-तुरे'. हार्टमूट तर डॉक्टरलाही 'अरे' म्हणतो. पण एगबर्ट पहिल्या दिवशी 'अहो' म्हणाला, मीही म्हणाले, आणि ते तसंच राहिलं. मला ते आवडायचं. दिवसभर अंगचटीला येणाऱ्या गिऱ्हाइकांत एक माणूस दोन पावलं अंतर राखून बोलतो, याचं बरं वाटायचं.

आता तो रिटायर व्हायचा होता, मेअखेर. लग्न झालेलं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरी तो आणि सात ससे. खरं सांगायचं तर त्याला त्या टेबलापलीकडे कोणी नव्हतं. शनिवारी दहा वाजता तो यायचा, कच्च्या खिम्याचा आणि कांद्याचा पाव घ्यायचा, टेबलाच्या टोकाला बसायचा. वर्षातून एकदा, जूनच्या आसपास, ही मंडळी चार दिवस फ्रान्सच्या डोंगरात गाड्या घेऊन जात. एगबर्टही जायचा. जायचा म्हणजे मागून जायचा. जेवायला ठरलेल्या जागी तो पोचेपर्यंत यांची कॉफी चाललेली असायची. कोणी त्याच्यासाठी काही मागवून ठेवलेलं नसायचं. हे मला हार्टमूटनेच मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, मोठा विनोद म्हणून. आणि एगबर्टने त्याच सहलीचा फोटो घरी भिंतीवर लावलाय. त्यात तो नाही, कारण तो फोटो काढत होता.

या वर्षी हार्टमूटने फर्मान काढलं. हार्टमूटचं बाथरूमच्या फरश्यांचं दुकान आहे आणि त्याला सगळ्या जगाला फर्मान काढायची खोड आहे. म्हणाला, या वर्षी सहलीला फक्त वेगात जाणारे. सशांची वाट बघत बसायचा कंटाळा आलाय. मोजणीच्या दिवशी ज्याला ससा मिळेल त्याने घरी बसायचं, आणि त्या म्हाताऱ्या खटाऱ्यावर तर कोणी येऊच नये, अंगात दम असलेली गाडी घ्यावी. नाव त्याने कोणाचं घेतलं नाही. बाकीचे पाच जण आपापल्या पावाकडे बघत होते. एकानेही म्हटलं नाही की अरे, असं कसं. सगळे एका माळेचे मणी.

म्हणून एगबर्ट त्या दोन गाड्यांमध्ये फेऱ्या घालत होता.

दोन्ही गाड्या एका ताकदीच्या, किमतीलाही उन्नीस-बीस. पण स्वभाव वेगळे. करडी बुटकी, सीट रुंद, इंजिन खालूनच ओढणारं. तिच्यावर बसलं की गुडघे जिथे हवे तिथे जातात. आवाज म्हणाल तर घरातल्या माणसाने हाक मारावी इतका. लाल गाडी म्हणजे मागून उंच, पुढून वाकलेली. बसलं की सगळं वजन मनगटांवर. तिचं इंजिन खाली झोपलेलं असतं आणि वर गेलं की एकदम किंचाळतं. टेबलावरच्या सहांपैकी चौघांकडे तीच होती. वाईट गाडी नाही. मी तिचे टायर शेकड्यांनी चढवलेत. पण ती ज्याची त्यालाच शोभते.

एगबर्टची कुठली ते मी पहिल्याच शनिवारी ओळखलं होतं. तो लाल गाडीवर बसायचा, तिच्याबद्दल विचारायचा, पण उतरून जाताना त्याचा हात आपोआप करडीच्या टाकीवरून फिरायचा. तिसऱ्या शनिवारी, टेबल रिकामं झाल्यावर, मी न विचारता सांगून टाकलं की करडी घ्या, ती तुमची आहे.

तो म्हणाला, "मलाही तसंच वाटतं."

"मग अडलंय कुठे?"

"करडी घेतली तर हार्टमूट म्हणेल, सशाने बीळ घेतलं."

"म्हणू दे ना. त्याच्या तोंडाला कोण लागतंय."

त्याने मान हलवली. म्हणाला, जूनपासून सोमवार ते शुक्रवार मला कुठे जायचंच नाहीये. निदान शनिवारी तरी कुठे तरी जायला हवं ना. हे त्याने रडव्या आवाजात वगैरे नाही सांगितलं. उद्या पाऊस आहे, असं सांगावं तसं सांगितलं. मी टायर उचलून आत गेले.

योखेनने त्याला दोन्ही गाड्या चालवून बघायला दिल्या. हंगामाच्या आठवड्यात, बुधवारी करडी, आणि गुरुवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत लाल. शनिवारी मोजणीला लाल गाडीवरूनच ये, तिथेच सही कर, सगळ्यांसमोर मजा येईल, असं योखेनने सुचवलं. योखेनला गाडी खपवायची होती. त्याचा तो धंदाच आहे, त्याला बोल लावत नाही. करडी परत करताना एगबर्टने तिची साखळी पुसून दिली होती. चालवून बघायला दिलेल्या गाडीची साखळी आजवर कोणी पुसून दिल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी तो वर्कशॉपच्या मागच्या दाराने आला. लाल गाडी ढकलत. इंजिन बंद करून, पुढच्या लोकांना आवाज जाऊ नये म्हणून. मागच्या दाराने कोण येतं आणि कशाला येतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी माझा विश्वास बसेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायला मला लाज वाटते. ही पट्टी घासून काढता येते. पॉलिशपेपर घ्यायचा, नाहीतर घासायचं हातमशीन, आणि कडेचा नवा रबर खरवडायचा. मग जरा माती चोळायची. वीस मिनिटांचं काम. टेबलावरचे सगळे, सहाच्या सहा, दर एप्रिलमध्ये मोजणीच्या आधीच्या आठवड्यात एकेकटे माझ्याकडे मागच्या दाराने येतात. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. हार्टमूटचा मागचाच नाही, पुढचा टायरही घासून द्यावा लागतो. कोणी बिअरचं खोकं देतं, कोणी चॉकलेटचा डबा, हार्टमूट दर वर्षी डुकराच्या धुरी दिलेल्या मांडीचा मोठा तुकडा आणतो. मी घासते, तोंड बंद ठेवते आणि ती मांडी खाते. चांगली असते. शनिवारी तेच सहा जण छाती काढून उभे राहतात, योखेन त्यांच्या कडांवरून फूटपट्टी फिरवतो, आणि सगळे मिळून एगबर्टला ससा देतात. कारण अख्ख्या अंगणात खरा टायर एकट्या एगबर्टचा असतो.

हे माहीत असूनही मी एकोणीस वर्षं गप्प होते. गिऱ्हाइकाचं गुपित, वर्कशॉपचा धर्म, असं मी स्वतःला सांगायचे. पण त्या सहांबद्दल मला जी किळस होती ती सोसता यायची, कारण त्यांच्यात एक माणूस असा होता की जो मागच्या दाराने कधीच आला नाही. माझं सगळं त्या एका टायरवर टिकून होतं म्हणा ना.

आणि तो आला. गाडी उभी केली, हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"रोस्विता, तू जरा ही कड घासून देशील का? मी ऐकलंय की असं करता येतं."

मला वाटतं त्या 'तू'नेच माझं डोकं फिरलं. टेबलावरून उचलून आणलेलं 'तू'. ते त्याच्या तोंडात दुसऱ्याच्या दातांसारखं वाटत होतं. मी म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

तो म्हणाला, एकदाच. सशाचं वाईट वाटत नाही, पण घरी बसायचं नाहीये.

"नाही," मी म्हणाले. "त्यांचं मी करते. तुमचं करणार नाही."

हे मी त्याला मोठेपणा दिला असं मला वाटलं होतं. त्याला ते कसं लागलं असेल याचा विचार केला नाही. रागाच्या भरात आणखी बरंच बोलले. म्हणाले, कड घासायची हौस असेल तर रस्त्यावर जाऊन घासा, ती काही दुकानात घासायची वस्तू नाही. हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तो थोडा वेळ टायरकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." पुन्हा 'तुम्ही'. हेल्मेट घातलं, गाडी ढकलत अंगणाबाहेर नेली आणि रस्त्यावर गेल्यावर सुरू केली. मी हात धुतले आणि हार्टमूटचा पुढचा टायर घासायला घेतला.

शनिवारी सकाळी अंगणात टेबलं लागली, निखारे पेटले. नऊच्या सुमाराला घाटाच्या बाजूने अँब्युलन्सचा आवाज गेला. आमच्याकडे एप्रिलमध्ये त्या आवाजाला कोणी मान वर करत नाही. साडेनऊला योखेनला फोन आला. एगबर्टच्या खात्यातल्या, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाचा होता. तो म्हणाला, एगबर्ट पडलाय, शुद्धीवर आहे, कंबरेचं हाड मोडलंय, बहुतेक दोन ठिकाणी. त्याने जागेवर जे पाहिलं ते मला पुढे स्वतः सांगितलं.

एगबर्ट सहा वाजताच घाटावर गेला होता. एक मोठं डावं वळण आहे, खालीवर मोकळं दिसतं, त्याने ते निवडलं. खात्याचा मोठा झाडू बरोबर घेऊन गेला होता, पाठीला बांधून. आधी त्याने ते अख्खं वळण झाडलं. हिवाळ्यातली बारीक खडी, मीठ, काटक्या, सगळं. मग गाडीवर बसला आणि तेच वळण घेत राहिला. वर जाऊन वाहनतळावर गाडी वळवायची, खाली यायचं, पुन्हा वर. दर खेपेला थोडी जास्त कलंडवायची. डावी कड झाली की मग उजव्या वळणावर जायचा बेत असणार. तो माणूस कुठलंही काम असंच करायचा, एक बाजू संपवून मग दुसरी.

पण अडतीस वर्षं ज्याने रस्ते झाडले तो कचरा कुठे लोटणार? बाहेरच्या कडेला. नियमच तो आहे, हाताला वळणच ते पडलेलं. त्याने झाडलेली सगळी खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला नीट ओळीने लावून ठेवली होती. कितव्या तरी खेपेला गाडी हातभर बाहेर गेली आणि टायर त्या ओळीवर चढला. खात्यातला तो माणूस म्हणाला, झाडू कठड्याला टेकवून ठेवलेला होता, तसाच उभा होता.

फोन ठेवून योखेनने सगळ्यांना सांगितलं. मग हार्टमूट म्हणाला, "आयुष्यात एकदा कलंडला आणि बघा." आणि ते हसले. फार नाही, थोडेच. पण हसले. एक जण म्हणाला, मग या वर्षी ससा न मोजताच ठरला. दुसऱ्याने विचारलं, सॉसेज झाले का.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला चिमटा मी टेबलावर टाकला आणि म्हणाले, "तुम्हा सहांचे टायर मी घासून दिलेत. या आठवड्यात. गेल्या वर्षीही, त्याच्या आधीही. हार्टमूट, तुझा काल दुपारी घासला, पुढचा आणि मागचा. त्याबद्दल तू मला मांडी दिलीस. एकट्या एगबर्टचा घासला नाही. त्याने मागितलं आणि मी नाही म्हणाले."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. कोणी लाल होईल, कोणी चिडेल, कोणी उठून जाईल. काही झालं नाही. हार्टमूटने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, रोस्विताला आज कॉफी मिळालेली नाही वाटतं. पुन्हा हशा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून हसत होता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एवढंच होतं की माझ्याकडे कोणी बघत तर नाही ना. योखेनने मला बाजूला घेतलं आणि गिऱ्हाइकांशी असं बोलू नये म्हणून समज दिली. अकराला मोजणी झाली. पट्टी कोणाचीच निघाली नाही. साडेअकराला सहाच्या सहा जण फिरायला गेले, त्याच घाटाने, त्याच वळणावरून. तिथलं तेल तोवर एगबर्टच्या माणसांनी पुसलं होतं.

दुपारी ट्रेलरवरून लाल गाडी आली. ती उतरवून घ्यायला मीच होते. डाव्या बाजूला सगळं खरवडलेलं, हँडल वाकलेलं. मी मागचा टायर फिरवून बघितला. उजव्या कडेला पट्टी तशीच होती, नवी, काळी. डाव्या कडेला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. अगदी टोकापर्यंत रबर झिजून त्याच्या बारीक गुठळ्या झाल्या होत्या. अशी कड पॉलिशपेपरने येत नाही. एकोणीस वर्षांत त्या अंगणात आलेली ती पहिली खरी कड होती, आणि ती दाखवायची कोणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, दुसरं काय.

चार दिवसांनी, बुधवारी, मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्या आधी रोज टेबलावरच्या एकेकाला विचारत होते की जाऊन आलात का. कोणाच्या बाथरूमचं काम चालू होतं, कोणाला हॉस्पिटलचा वास सोसत नव्हता. हार्टमूट म्हणाला, आपण गेलो तर त्याला उगाच लाजल्यासारखं होईल. मला वीट आला होता, त्यांचाही आणि त्यांना विचारणाऱ्या माझाही.

एगबर्टची खोली दोघांची होती, पण दुसरी खाट रिकामी होती. तो उताणा, कंबरेपासून खाली जखडलेला. केस विंचरलेले होते. मी त्याच्यासाठी खिम्याचा पाव नेला होता, तो त्याने अर्धा खाल्ला. म्हणाला, डॉक्टर म्हणतात वर्षभर गाडी नाही, पुढचं पुढे बघू. मग म्हणाला, करडी अजून आहे का दुकानात.

"आहे."

"योखेनला म्हणावं, माझ्यासाठी ठेव. मी विचार केला. करडीच."

मी म्हणाले, सांगते. मग मी त्याला सांगायला लागले की त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण त्याने हात वर करून थांबवलं. तसं नाही, म्हणाला. बरोबर होतं तुमचं. शेवटच्या काही खेपांना तर फार छान वाटत होतं. रस्ता एवढा जवळून मी कधी बघितला नव्हता.

खिडकीखाली कोणीतरी गाडीचं दार लावलं आणि त्याने मान तिकडे वळवली.

"शनिवारी," तो म्हणाला, "टेबलावर कोणी विचारलं का, माझं?"

वीस मिनिटांचं काम मी त्याला नाकारलं होतं, खोटं म्हणून. आता एका क्षणाचाही वेळ लागला नाही.

"सगळ्यांनी," मी म्हणाले. "मोजणीसुद्धा मजेत झाली नाही."

"हार्टमूटने पण?"

"हार्टमूटने पहिल्यांदा."

त्याचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. मी पावाचा कागद घडी घालत बसले. तो म्हणाला, मग ते रविवारीच येणार, शनिवारी दुकान असतं. दोन ते चार भेटायची वेळ आहे. मी म्हणाले, हो, रविवारीच. तो खोलीभर नजर फिरवत होता. भिंतीपाशी एकच खुर्ची होती, तिच्यावर मी बसले होते.

"एवढी माणसं बसणार कुठे, बाई?" तो म्हणाला. "बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्या असतात. आज कोणी नाही, तोवर आणून ठेवल्या तर बरं. रविवारी मिळत नाहीत."

मी बाहेर गेले. पॅसेजमध्ये खुर्च्या होत्या, प्लास्टिकच्या, हिरव्या. मी दोन-दोन करून आणल्या. नर्स दारातून डोकावली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तो पडल्या पडल्या कुठली कुठे ठेवायची ते सांगत होता. दोन पायथ्याशी, दोन दुसऱ्या खाटेच्या बाजूला. एक खिडकीजवळ, तिथे हार्टमूट बसेल, तो आडवा आहे, त्याला जागा लागते.

"ती जरा मागे घ्या," तो म्हणाला. "त्याचे गुडघे आपटतील."

मी ती खुर्ची मागे घेतली.